निष्क्रिय शोषक म्हणजे कोण, मालक? – एका केमिकल सेफ्टी ट्रेनिंगचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. खरं तर तीनच देणार होतो, वरचा अर्धा निळीच्या पुडीसाठी आहे, ते पुढे येईल. कापलेल्या स्टारांपैकी एक मराठीचा आणि अर्धा पाच सर्टिफिकिटांचा. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रार करणार आहे आणि ती त्यांना फोनवर सांगून झाली आहे. अशा बऱ्याच संस्था आहेत. कोणालाही बोलावण्याआधी काय विचारायचं, हे कळावं म्हणून हा खटाटोप.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे धातूच्या वस्तूंवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात, स्टोअर बघतो. एकोणीस वर्षं झाली. झिंक, निकेल-क्रोम आणि डायकास्टच्या हँडलांसाठी थोडं कॉपर. दोन पाळ्या मिळून २६ माणसं. ॲसिडचे कॅन उतरवून घेणं, रजिस्टरला चढवणं, बाथवाल्यांना, म्हणजे मुलाम्याच्या टाक्यांवरच्या माणसांना, मोजून देणं हे माझं काम. शिक्षण बारावी कॉमर्स, त्यामुळे केमिस्ट्री जी काय येते ती वासावरून.

आम्हाला ट्रेनिंगची गरज का पडली, ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. २०२३ च्या पावसाळ्यात जिग स्ट्रिपिंगच्या (माल टांगायच्या हुकांवरचा मुलामा ॲसिडने उतरवायच्या) कोपऱ्यात नायट्रिकचा कॅन कलंडला. झाकण ढिलं होतं, पाच-सहा लिटर फरशीवर आलं. तिथे लातूरकडचा एक पोरगा होता, तो धावत स्टोअरला आला, "काका, भुसा द्या." ऑइल सांडलं की आम्ही भुसाच टाकतो. पोतं मीच काढून दिलं. त्याने भुसा पसरला आणि दोन मिनिटांत त्यातून नारिंगी-तपकिरी धूर निघायला लागला. भुसा कडेने काळा पडत धुमसत होता. आम्ही पाणी मारलं, शटर वर केलं, पोरगा थोडा खोकला आणि सगळे चहाला गेलो. रात्री अकराला त्याच्या खोलीवरच्या मुलांचा फोन, ह्याला श्वास घेता येईना. तीन दिवस दवाखान्यात होता. बरा होऊन आला, आजही कामावर आहे. पण पोतं कोणी दिलं, हे त्याने कधी काढलं नाही आणि मीही विसरलो नाही.

नायट्रिकचा एमएसडीएस, म्हणजे केमिकलच्या धोक्यांचं माहितीपत्रक, तेव्हा माझ्या मागच्या रॅकवर, माझ्याच अक्षरातल्या फाइलीत होता. इंग्रजी, सोळा कलमं. सांडल्यावर काय करायचं ते सहाव्या कलमात असतं, हे मला ट्रेनिंगला कळलं. तोवर ती फाइल फक्त ऑडिटवाले आले की टेबलावर यायची.

पुढे २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला. आमचं काम वेगळं, रिॲक्टर वगैरे आमच्याकडे नाही. पण टीव्हीवर ते बघून शेठ दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, कोणाला तरी बोलवा. जुलैत ट्रेनिंग झालं. हे मार्च २०२५ मध्ये लिहितोय, म्हणजे आठ महिने वापरून.

पॅकेज असं: एक दिवस कारखान्यात येऊन ट्रेनिंग, आमच्या ३१ केमिकलांचे मराठी माहितीपत्रक, कॅन आणि टाक्यांना लावायची लेबलं, भिंतीवरचे चार तक्ते. २२,००० अधिक जीएसटी. जेवण आपलं.

सकाळचे दोन तास प्रोजेक्टरवर गेले आणि ते कुठेही असतात तसेच होते. भोपाळचे फोटो, हेल्मेट घातलेली गोरी माणसं, "सेफ्टी फर्स्ट". मागच्या रांगेत दोघे झोपले होते. शिकवणारे सर मात्र आमच्यातलेच निघाले, पूर्वी प्लेटिंग केमिस्ट होते. हाताच्या बोटांवर जुन्या क्रोम होलच्या, म्हणजे क्रोमिक ॲसिडने पडलेल्या खोल जखमांच्या, खुणा. क्रोमच्या बाथवरचे आमचे मामा त्या बघूनच पुढे सरकून बसले. मामांच्या बोटांवर तसल्याच आहेत. सरांनी मामांना विचारलं, "नाकाचा पडदा कधी तपासला?" क्रोमिक ॲसिडच्या धुक्याने आधी नाकात खपली धरते, मग पडद्याला भोक पडतं, आणि दुखत नसल्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. पुढे फुफ्फुसाच्या कॅन्सरची भीती. मामा म्हणाले, "खपली तर रोजच निघते." कोणी हसलं नाही.

कायद्याचा भाग दहा मिनिटांत उरकला, पण तेवढ्यात शेठना दोनदा ठसका लागला. भोपाळ १९८४ च्या डिसेंबरात झालं आणि त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं एक नवीन प्रकरणच घातलं गेलं. कोणत्या उद्योगांना ते लागू, त्या यादीत २०२४ मध्ये इलेक्ट्रोप्लेटिंग होतं. तेव्हाचं कलम ४१ ब म्हणत होतं की धोका काय आहे हे मालकाने कामगारांना सांगायलाच हवं. ४१ क नुसार दर वर्षाला तरी वैद्यकीय तपासणी करावी लागायची. आणि १११ अ नुसार कामगाराने स्वतःहून माहिती मागितली तर तो त्याचा हक्क होता. लातूरच्या पोराने हात वर केला, "म्हणजे मी काकांकडे फाइल मागितली तर ते नाही म्हणू शकत नाहीत?" सर म्हणाले, "नाही." पोरगा माझ्याकडे बघून हसला. मी पण हसलो, दुसरं काय करणार.

खरी मजा चित्रांपासून सुरू झाली. केमिकलच्या लेबलवर धोका दाखवणारी, लाल चौकटीची, टोकावर उभी केलेली चौकोनी चित्रं, एकूण नऊ. सरांनी नावं सांगितली नाहीत. एकेक चित्र हातात दिलं आणि म्हणाले, तुम्हाला काय दिसतं ते बोला. हातावर थेंब पडून हात झिजतोय, ते सगळ्यांनी ओळखलं. माणसाच्या छातीत फुटलेला तारा दाखवला तर आमचा ओडिशाचा पोरगा, ज्याला मराठीही वाचता येत नाही आणि हिंदीही, पटकन म्हणाला, "छाती में तारा." तेव्हापासून आमच्या शॉपमध्ये त्याचं नाव 'छातीत चांदणी'. हे चित्र म्हणजे बहुतेक वेळा आज काही होणार नाही, वर्षांनी होईल. क्रोमिकवर आहे, निकेलच्या क्षारांवर आहे. गोलावर ज्योत असलेलं चित्र मात्र सगळ्यांचं चुकलं. कोणी गॅसची शेगडी म्हणालं, कोणी समई. सर म्हणाले, "हे स्वतः जळत नाही. दुसऱ्याला जाळतं." मग त्यांनी माझ्याच स्टोअरमधल्या नायट्रिकच्या कॅनचा फोटो पडद्यावर टाकला. अर्धवट फाटलेल्या लेबलवर तेच चित्र होतं. "ह्याच्यावर लाकडाचा भुसा टाकला तर काय होईल?"

त्यांना आमची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. मी नंतर विचारून घेतलं. सगळीकडे भुसाच टाकतात म्हणून ते हाच प्रश्न सगळीकडे विचारतात. नायट्रिकचा तपकिरी धूर छातीत गेला की लगेच फारसं काही वाटत नाही, काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. म्हणून माणूस ठणठणीत दिसला तरी त्याला डॉक्टरकडे न्यायचं, आणि काय हुंगलं ते कॅनच्या लेबलसकट डॉक्टरला दाखवायचं. लातूरचा पोरगा खाली बघून नखं कुरतडत होता.

हातमोज्यांचा प्रयोगही चांगला होता. सकाळीच रबरी मोज्याचं एक बोट कापून थिनरच्या ग्लासात सोडलं होतं. चहापर्यंत ते फुगून दुप्पट झालं. एक मोजा सगळ्याला चालत नाही, एवढंच सांगायचं होतं, ते पोचलं. अंड्याचा प्रयोगही केला. एका वाटीत पांढऱ्यावर ॲसिड, दुसरीत कॉस्टिक सोडा. ॲसिडने ते वर लगेच थिजून पांढरं झालं, कॉस्टिकने विरघळत आत शिरत गेलं. डोळ्यात कॉस्टिक जास्त वाईट का, ते एका वाटीत कळलं. पंधरा मिनिटं तरी वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरायचा. आमच्याकडे तोवर दोन चुळकांचा रिवाज होता.

जेवणानंतर सर म्हणाले, "आता स्टोअर दाखवा." माझं स्टोअर नीटनेटकं आहे, हे भोसरीतले सप्लायर सांगतील. सल्फ्युरिक आणि हायड्रोक्लोरिक दोन्ही पाण्यासारखी दिसतात, पण मला कॅन हलवला की कळतं. सल्फ्युरिक पाण्याच्या पावणेदोन पटींहून जड, तेलासारखं हलतं. शिवाय सप्लायर लाल आणि निळी झाकणं देतो. मी हे ऐटीत सांगितलं. सर म्हणाले, "सप्लायर बदलला तर? तुम्ही पंढरपूरला गेलात तर?" सप्लायरने आदल्या दिवाळीत झाकणं बदलली होती हे मला त्या क्षणी आठवलं. तेव्हा दोन दिवस मी वासावर काम काढलं होतं.

सायनाइडचं कपाट माझा खरा अभिमान. कॉपर स्ट्राइकच्या (तांब्याच्या पहिल्या पातळ थराच्या) बाथला सायनाइड लागतं, ते कुलपात, किल्ली माझ्या कमरेला, रजिस्टरमध्ये ग्रॅमचा हिशेब. सरांनी कुलूप बघितलं, रजिस्टर बघितलं, मान डोलावली. मग कपाटाच्या शेजारची रॅक बघितली. तिथे हायड्रोक्लोरिकचे सहा कॅन. म्हणाले, "चोरापासून छान जपलंय. ॲसिडपासून नाही." सायनाइडला ॲसिड लागलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. त्याचा कडू बदामासारखा वास येतो म्हणतात, पण बऱ्याच जणांना तो येतच नाही, त्यामुळे माझ्या नाकाचा इथे उपयोग शून्य. आणि असा माणूस पडला तर तोंडाने श्वास द्यायला जायचं नाही, देणाराही पडतो.

आता नीळ. सायनाइड आणि ॲसिड कपाटात वेगळं ठेवून भागत नाही, धुण्याचं पाणीही वेगळं जायला हवं. आमच्याकडे कॉपरच्या बाथची गटार वेगळी आणि पिकलिंगची (ॲसिडने गंज काढायच्या टाकीची) वेगळी, दोन्ही ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या, दोन खड्ड्यांत जातात. सायनाइडचं पाणी आधी अल्कलीत ठेवून हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) मारतात, क्रोमचं पाणी ॲसिडमध्ये घेऊन, म्हणून वेगळे खड्डे. नकाशात तसंच आहे. सरांनी नकाशा बघितला आणि झाडूवाल्या मावशींना म्हणाले, "कपड्यांची नीळ मिळेल का?" समोरच्या टपरीतून पुडी आणली. बादलीभर पाण्यात कालवली आणि कॉपरच्या बाजूच्या गटारीत ओतली. आम्ही दहा-बारा जण पिकलिंगच्या खड्ड्यावर वाकून उभे. पहिली दोन मिनिटं काही नाही. शेठ म्हणाले, "बघा, आमचं काम पक्कं आहे." मग खड्ड्याच्या कोपऱ्यातून, शहाबादी फरशीच्या सांध्याखालून, निळ्या धाग्यासारखं पाणी आत यायला लागलं. धाग्याची दोरी झाली. कोणी काही बोलेना.

जुनी गटार मधे कुठेतरी खचली होती. किती वर्षं हे चाललं होतं कोण जाणे. धुण्याचं पाणी पातळ आणि दारं उघडी, म्हणून निभावलं असावं. सर एवढंच म्हणाले, "एखाद्या शनिवारी कोणी पिकलिंगची अख्खी टाकी ह्या खड्ड्यात रिकामी केली असती, तर." कॉपरचं काम तिथेच थांबवलं. गवंडी, नवीन पीव्हीसी पाइप, चार दिवस बंद. ह्याचा खर्च ट्रेनिंगच्या दुपटीहून जास्त आला आणि शेठनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. अर्धा स्टार तो हा. पॅकेजमध्ये गटार तपासणं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, मराठी. ३१ पत्रकं आली, गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. पण भाषा! "संक्षारक पदार्थ. त्वचेशी संपर्क टाळावा. वैयक्तिक संरक्षणात्मक उपकरणांचा वापर सुनिश्चित करावा." संक्षारक म्हणजे काय, हे मी सहा जणांना विचारलं. एकाने रक्षा करणारा सांगितलं! नायट्रिकच्या पत्रकात सहाव्या कलमात, जिथे आमचं सगळं अडलं होतं, तिथे लिहिलेलं: "गळती निष्क्रिय शोषकाने शोषून घ्यावी." क्रोमवाल्या मामांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "निष्क्रिय शोषक म्हणजे कोण, मालक?" मामा पूर्वी युनियनमध्ये होते. अख्खं शॉप पाच मिनिटं हसत होतं, शेठ धरून. पण हसून झाल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण इतका खर्च करूनही पुढच्या वेळी पोरगा माझ्याकडे भुसाच मागणार होता. म्हणायचं होतं ते एवढंच: कोरडी वाळू टाका, भुसा किंवा चिंध्या नको. मी काळ्या मार्करने तेच लिहिलं. मग उरलेली तीस पत्रकंही घेऊन बसलो. संक्षारक खोडून 'कातडी भाजतं', ज्वलनग्राही खोडून 'पेट घेतं', श्वसनावरोध खोडून 'दम कोंडतो'. दोन रविवार गेले. संस्थेला फोन केला तर म्हणाले, शासकीय परिभाषेप्रमाणे आहे. असेल. सर स्वतः जे तोंडी बोलत होते ते छापलं असतं तरी काम झालं असतं.

दुसरी तक्रार, ट्रेनिंगला आले २१. रात्रपाळीचे पाच जण आदल्या रात्री काम करून झोपले होते, त्यांना कोणी बोलावलं नाही. आठवड्याने सर्टिफिकिटं आली २६. मस्टरवरून नावं टाकलेली. मी पाच परत पाठवली, सोबत चिठ्ठी दिली की ह्या माणसांनी तुमचा चेहरा पाहिलेला नाही. ह्याबद्दल माफी आली आणि रात्रपाळीसाठी दोन तासांचं सत्र फुकट मिळालं, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. परीक्षेचंही तसंच झालं होतं. वीस प्रश्न, उत्तरं संस्थेच्या मॅडमनी हळू आवाजात सांगून टाकली आणि सगळ्यांना वीसपैकी वीस.

झाडूवाल्या मावशींना तर यादीतच धरलं नव्हतं, ती चूक आमची. त्या दाराबाहेर बसून ऐकत होत्या आणि दिवसातला सगळ्यात कामाचा प्रश्न त्यांनी विचारला. संडासात ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र टाकलं की डोळे झोंबतात ते का? सरांनी मोबाइल बाजूला ठेवला. "मावशी, तो क्लोरीन." मावशी ते ॲसिड पिकलिंगमधून पाण्याच्या बाटलीत भरून नेत होत्या, सात-आठ वर्षं, आणि बाटली ठेवत होत्या पिण्याच्या पाण्याच्या माठामागे. पाण्यासारखंच दिसणारं. माझ्या स्टोअरच्या रजिस्टरात ह्या बाटलीची नोंद कधीच नव्हती. त्या दिवशी ती बाटली मी स्वतः रिकामी केली. आता मावशींना लाल रंगाचा दोन लिटरचा छोटा कॅन दिलाय, त्याला लेबल आहे आणि ब्लिचिंग पावडर कारखान्यात येणंच बंद.

लेबलांचं सांगतो. चित्रं मोठी, लांबून दिसतात, युएन नंबर (प्रत्येक धोकादायक केमिकलचा जगभर एकच असलेला चार आकडी नंबर) ठळक. आता आमच्या पोरांना १८३० म्हणजे सल्फ्युरिक, १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक, २०३१ म्हणजे नायट्रिक हे क्रिकेटच्या स्कोअरसारखं पाठ आहे. स्टोअरमधली लेबलं आठ महिन्यांनीही चांगली आहेत. पिकलिंगच्या टाकीवरची तिसऱ्या महिन्यात फिकी पडली, लाल चौकट गुलाबी झाली आणि कडा सुटल्या. ॲसिडच्या वाफेत कागद लॅमिनेट करून टिकत नाही, विनाइलच हवं. दोन फोन केल्यावर बदलून दिली, फुकट. हिंदी लेबलांचे वेगळे पैसे घेतात, हे आधी सांगत नाहीत. छोट्या बाटल्या आणि डब्यांसाठीची लेबलं पॅकेजमध्ये नाहीत, ती मागून घ्या. खरी गरज तिथेच असते. कंपनीच्या कॅनवर काहीतरी छापलेलं असतंच, आपण बादलीत, मगमध्ये, तेलाच्या डब्यात ओतून घेतलं की ओळख गेली.

कोणी घ्यावं? छोटं शॉप असेल, शेठ स्वतः दिवसभर बसणार असतील आणि सरांना स्टोअर, गटार, संडास सगळं उघडं करून दाखवायची तयारी असेल, तर घ्या. नुसतं ऑडिटला सर्टिफिकीट हवं असेल तर ह्याहून स्वस्तात मिळतात.

परवा ॲसिडचा टेम्पो आला तेव्हा मी बँकेत होतो. कॅन उतरवून घ्यायला ओडिशाचा पोरगा होता. बारापैकी दोन कॅनवर लेबल नव्हतं, ते त्याने उतरवूनच घेतले नाहीत. ड्रायव्हर म्हणत होता, अरे तेच ॲसिड आहे, झाकण बघ. पोरगा नाही म्हणाला. ड्रायव्हरने मला तीनदा फोन केला. मी उचलला नाही.